कोकणपट्टीतल्या मालवाहू गाड्यांचे चालक: ड्युटीच्या वेळा आणि धक्क्यावरची कामं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सतरा वर्षं मी ट्रेलर चालवला. न्हावा शेवा ते चिपळूण-लोटे, मधूनमधून जयगड, आणि घाट चढून कऱ्हाड-कोल्हापूर. आता ऑफिसात बसून गाड्या लावतो, म्हणजे कुठली गाडी कधी निघणार आणि कोण चालवणार हे ठरवतो. नवीन मुलं फोनवर जे विचारतात, जुनी माणसं चहाच्या टपरीवर ज्यावरून वाद घालतात आणि घरची माणसं काळजीनं जे विचारतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे.

ड्युटी नेमकी किती तासांची असते?

दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. ही चौकट १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं घालून दिली. लांब पल्ल्याच्या फेरीला किंवा सणासुदीला, तेही मंजुरी घेऊन, ती दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपर्यंत जाऊ शकते. सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, त्याआधी किमान अर्धा तास विश्रांती हवी. कामावर हजर झाल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा पसारा, जेवण आणि विश्रांती धरून, १२ तासांच्या आत बसला पाहिजे. एक ड्युटी संपल्यावर दुसरी लागेपर्यंत सलग ९ तास मोकळे मिळाले पाहिजेत. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि जादा तासांना दुप्पट दर.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा त्यातल्या सुरक्षा, आरोग्य व कामाच्या स्थितीविषयीच्या संहितेत सामावला गेला. आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाचा दुप्पट दर तिथेही आहेत. मोटार कामगारांच्या तासांचा बारीक तपशील त्या संहितेखालच्या नियमांत ठरतो. आम्ही ड्युटी अजूनही जुन्या चौकटीतच बसवतो. पाच तासांनी अर्धा तास आणि रात्रीचे नऊ तास हे माणसाच्या शरीराला धरून आहे.

आमच्या मालकाकडे दोनच गाड्या आहेत. त्यांना हे लागू नाही असं ते म्हणतात. खरं का?

१९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता, म्हणून हे उत्तर सगळीकडे ऐकायला मिळतं. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमानं वाहतुकीच्या गाडीवर काम करणाऱ्या कुणाचेही तास त्याच कायद्याला बांधले. तिथे पाच माणसांची अट नाही. मालकाशी भांडायला जाऊ नका, शांतपणे हे सांगा. बरेच मालक स्वतः स्टिअरिंगवर बसून वर आलेले असतात. त्यांना हे कळतं, फक्त कुणीतरी तोंड उघडावं लागतं.

गाडी गेटबाहेर रांगेत उभी होती. मी काही चालवत नव्हतो. तो वेळ ड्युटीत धरायचा का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं.

१९६१ च्या कायद्यात कामाच्या तासांची व्याख्या होती. गाडी चालवण्याचा वेळ त्यात आहेच. शिवाय गाडी ताब्यात घेणं, जागेवर नेऊन लावणं, रजिस्टरवर सही करणं, गाडीची देखभाल, आणि माल चढवण्या-उतरवण्याचा वेळ, हे सगळंही कामच मानलं गेलं. गोम पुढे आहे. जागेवर नुसतं हजर राहण्याचा वेळ १५ मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामात धरायचा, असं त्या व्याख्येत म्हटलं होतं. काही सुपरवायझर एवढंच वाक्य पाठ करून ठेवतात आणि रांगेतले सहा तास पुसून टाकतात.

आता रांग कशी असते ते बघा. न्हावा शेव्याच्या वाटेवर करळ फाट्याच्या अलीकडे गाडी लागली. पुढची गाडी दोन लांबी सरकली की तुम्हाला इंजिन चालू करून सरकावं लागतं. नाही सरकलात तर बाजूचा घुसतो. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मध्येच गार्ड येतो, कागद बघतो. हे नुसतं हजर राहणं नव्हे. डोळा लागला की नंबर गेला, मग ती विश्रांती कसली? आणि तो वेळ कामात धरा किंवा धरू नका, १२ तासांच्या पसाऱ्यात तो येतोच. सकाळी ६ ला हजर झालेला माणूस संध्याकाळी ६ ला गेटमधून बाहेर पडला, तर त्याचा दिवस तिथेच संपला. त्यानं त्याच रात्री कशेडी घाट चढायचा नाही.

आमच्याकडे नियम एकच. गाडी पार्किंगमध्ये लावून, चावी काढून, झोपायची मोकळीक असेल तर ती विश्रांती. रांगेत असेल तर ती ड्युटी.

हे एवढं लावून का धरता?

एका यार्डात शुक्रवारी दुपारी २ वाजता मी नंबर लावला होता. गाडी खाली झाली शनिवारी सकाळी ९ ला. एकोणीस तासांत दोन-चार डुलक्या काढल्या असतील, त्याही स्टिअरिंगवर डोकं टेकून. तसाच परत निघालो, कारण लोट्याचं भाडं लागलं होतं. पेण सुटल्याचं आठवतं. त्यानंतर भान आलं ते नागोठण्याच्या फाट्यावर, मागच्या एसटीनं हॉर्न दिला म्हणून. वडखळ मी कसं ओलांडलं, मध्ये किती गाड्या समोरून आल्या, ते आजही सांगता येत नाही. डोळे उघडे असणार, पण मी तिथे नव्हतो. गाडीला ओरखडा नाही, कुणाला काही झालं नाही, म्हणून त्या दिवसाची कुठे नोंदही नाही. मी ऑफिसात बसून गाड्या लावतो तेव्हा तो रस्ता माझ्या डोळ्यांसमोर असतो.

मग वेळ सिद्ध कसा करायचा?

वहीत. शंभर पानी वही, डॅशबोर्डवर, पेन दोरीनं बांधलेलं. मोबाईलचा भरवसा नको, बॅटरी नेमकी रांगेतच उतरते.

एका फेरीला एक पान. वर तारीख, गाडी नंबर, कंटेनर नंबर, पार्टीचं (ज्याचा माल त्याचं) ठिकाण. खाली ओळीनं वेळा: ऑफिसमधून निघालो, रांगेत लागलो, गेट इन, क्रेनखाली गेलो, माल उतरला, कागद हातात आले, गेट आउट, पार्किंगला लावली, उठलो. थांबावं लागलं तर कारण एका शब्दात: क्रेन बंद, सिस्टीम डाऊन, माथाडींची सुट्टी, पाऊस. शक्य असेल तिथे गेटवरच्या माणसाची सही किंवा शिक्का घ्या. देत नसेल तर गेटच्या घड्याळाचा किंवा वजनकाट्याच्या पावतीचा फोटो काढा. काट्याच्या पावतीवर वेळ छापलेली असते, तिच्यावर कुणी वाद घालू शकत नाही.

वर सांगितलेल्या एकोणीस तासांचं माझ्याकडे काहीच नव्हतं. पोच पावतीवर फक्त "शनिवार, ९ वाजता खाली" एवढं होतं. पार्टीनं हाल्टिंग, म्हणजे गाडी अडकल्याचे पैसे, द्यायला नकार दिला आणि मालकाकडे दाखवायला कागद नव्हता.

हाल्टिंग कुणी द्यायचं?

ज्याच्यामुळे गाडी अडली त्यानं. भाडं ठरवतानाच किती तास मोफत आणि पुढे दिवसाला किती रुपये, हे लेखी घ्यावं. ते काम ऑफिसचं. चालकानं आपला भाग विचारून ठेवायचा: हाल्टिंगमधले किती पैसे मला, आणि थांबलेल्या दिवसाची खुराकी, म्हणजे जेवणखर्च, वेगळी मिळणार का. निघण्याआधी विचारा. परत आल्यावर विचारलं की कुरबूर होते.

न्हावा शेव्याला माल घेऊन जायचं तर किती वाजता निघावं?

जहाजाकडे बघून निघावं. निर्यातीचा कंटेनर असेल तर त्या जहाजासाठी गेट कधी उघडतं आणि कट-ऑफ, म्हणजे माल आत घेण्याची शेवटची वेळ, कधी आहे, हे दोन आकडे ऑफिसकडून मागून घ्या. गेट उघडण्याआधी पोचलात तर आत घेत नाहीत. कट-ऑफ चुकला तर कंटेनर पुढच्या जहाजाला. जहाजाची वेळ दिवसातून दोनदा बदलू शकते, म्हणून पेण-पनवेलच्या अलीकडे थांबून एकदा फोन करून खात्री करा.

हे बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं, तेव्हा उरणकडचे रस्ते वेगळे होते. आता तिथे एकापेक्षा जास्त टर्मिनल आहेत, प्रत्येकाचं गेट वेगळं, रीत वेगळी. नवीन माणसाचा अर्धा दिवस चुकीच्या गेटवर जातो. फॉर्म १३ वर, म्हणजे निर्यातीचा कंटेनर आत न्यायच्या कागदावर, टर्मिनलचं नाव असतं, ते निघतानाच वाचा. बंदराचा केंद्रीय पार्किंग प्लाझा आहे, तिथे कागदांचं काम होईपर्यंत गाडी लावता येते. रस्त्याच्या कडेला, जासई-गव्हाणच्या अंधारात गाडी लावून झोपू नका. डिझेल आणि बॅटरी तर जातेच, आणि मागून येणाऱ्याला उभा ट्रेलर दिसत नाही.

गेटवर कोणते कागद लागतात?

लायसन्स, गाडीचे कागद, बंदराचा चालक पास, बिल्टी (वाहतूकदाराची मालाची पावती), ई-वे बिल (माल नेण्यासाठीचा जीएसटीचा कागद), आणि निर्यातीचा माल असेल तर फॉर्म १३. कंटेनर कारखान्यात भरून सील केलेला असेल तर सीलचा नंबर कागदाशी स्वतः जुळवून बघा, प्रत्येक आकडा. एक आकडा चुकला तरी गाडी बाजूला. भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन, ज्याला सगळे व्हीजीएम म्हणतात, ते १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. त्याशिवाय जहाजावर चढवत नाहीत. ते भरणं पार्टीचं काम, पण भरलं आहे ना हे विचारणं तुमच्या फायद्याचं.

हेल्मेट, सेफ्टी बूट आणि चमकणारं जॅकेट नसेल तर आत सोडत नाहीत. चपलेवर आलेला माणूस परत जातो. दरवेळी एक तरी असतोच.

गेटच्या आत चालकानं काय करायचं?

लॉक. पहिलं काम तेच.

ट्रेलरच्या चारही कोपऱ्यांना कंटेनर धरून ठेवणारे ट्विस्ट लॉक असतात. रस्त्यावर ते घट्ट बंद हवेत, क्रेनखाली जाण्याआधी चारही उघडे. तीन उघडले आणि एक राहिला, तर क्रेन कंटेनरबरोबर ट्रेलरही उचलते. एक कोपरा अडकलेला, बाकीचा ट्रेलर वर, आणि मग अख्खं धूड खाली आपटतं. केबिनमध्ये माणूस असतो. म्हणून लॉक उघडायला ठरवून दिलेल्या जागीच उतरा, चारही कोपऱ्यांना फिरून स्वतःच्या हातानं हलवून बघा. क्लीनरवर सोडू नका, आरशात बघून समाधान करू नका. वीस फुटी दोन कंटेनर असतील तर आठ लॉक. पावसात आणि खाऱ्या हवेत ते गंजून जाम होतात, म्हणून आठवड्यातून एकदा तेल-ग्रीस. कोकणात हे जास्तच सांभाळावं लागतं, समुद्राचा वारा लोखंडाला खातो.

बाकी: क्रेनखाली केबिनमध्येच बसा असा टर्मिनलचा नियम असेल तर बसा. उतरून ठरलेल्या जागी उभं राहा म्हणत असतील तर तिथेच. लटकत्या कंटेनरखाली कधीच नाही. रीच स्टॅकर (कंटेनर उचलून रचणारं यंत्र) मागे घेताना त्याच्या ऑपरेटरला मागचं फारसं दिसत नाही, तो आपल्याला बघेल हे धरून चालू नका. मोबाईल खिशात.

माल उतरवायला आम्हालाच लावतात. करावं लागतं का?

नाही. ज्याचा माल त्याचा हमाल. ट्रकवाल्यांची ही जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. चढवणं-उतरवणं हमालांचं, माथाडींचं काम. त्यांच्यासाठी १९६९ चा कायदा आहे आणि तो मिळवायला अण्णासाहेब पाटलांनी आयुष्य घातलं. माथाडी आपल्यासारखाच अंगावर कष्ट घेणारा माणूस आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते वाराईशी. माल व्यापाऱ्याचा, मजुरी त्यानं द्यायची, आणि तरी गाडी खाली करताना चालकाच्या खिशातून पैसे काढले जातात. खुराकीतून ते गेले की जेवण वडापाववर येतं.

वाराई कुणी भरायची हे बिल्टीवर लिहून घ्या. द्यावीच लागली तर पावती मागा. पावती देत नसतील तर रक्कम, ठिकाण आणि वेळ वहीत. आमच्या ऑफिसात अशा नोंदी पार्टीच्या बिलात लावतो. सगळे पैसे परत येतात असं नाही, पण नोंद असली तर बरेचसे येतात.

चालकाचं काम काय, तर गाडी धक्क्याला नीट लावणं, हँडब्रेक ओढून चाकाला लाकडी ठोकळा लावणं, दारं उघडणं, नग मोजताना हजर राहणं, आणि माल भरल्यावर तो बसला कसा आहे ते बघणं. शेवटचं फार महत्त्वाचं. सगळं वजन एका बाजूला किंवा पार मागे भरलं असेल तर तिथेच बोला. परशुराम घाटाच्या वळणावर बोलून उपयोग नाही.

रिकामा कंटेनर उचलताना काय बघायचं?

आत जा, बाहेर आपला माणूस उभा करा आणि दारं लावायला सांगा. अंधारात एक मिनिट उभे राहा. छतातून किंवा बाजूनं उजेडाचा ठिपका दिसला की भोक आहे, तिथून पावसाचं पाणी येणार. मग दारांचं रबर, जमिनीची फळी, ओल, वास. जे सापडेल ते उचलतानाच्या पावतीवर लिहून घ्या. नाही लिहिलं तर परत देताना ते तुमच्या माथी.

वजन जास्त असेल तर दंड कुणाला?

पकडला जातो चालक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये, आणि जास्तीचा माल उतरवून ठेवावा लागतो. वजन करायला थांबायलाच नकार दिला तर ४०,०००. भरल्यावर पहिल्या काट्यावर वजन करा, जास्त निघालं तर गाडी तिथेच उभी करून ऑफिसला फोन. "एवढं चालतं" म्हणणारा माणूस घाटात तुमच्याबरोबर नसतो.

जयगडची ड्युटी वेगळी का लावता?

रस्त्यामुळे आणि मालामुळे. महामार्गावरून निवळीला फुटलं की पुढे अरुंद, वळणाचा रस्ता, वाटेत गावं, शाळा, गणपतीपुळ्याला जाणारे पर्यटक. शनिवार-रविवार तर विचारू नका. किलोमीटर कमी दिसतात, वेळ जास्त लागतो, म्हणून तिथल्या फेरीला आम्ही तास वाढवून धरतो. सुट्या मालाच्या धक्क्यावर लोडर भरतो तेव्हा चालकानं लोडरच्या फिरण्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. भरल्यावर ताडपत्री बांधायची ती ठरलेल्या जागी. डंपर असेल तर ट्रॉली पूर्ण खाली बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, वर विजेची तार आहे का हे उचलण्याआधी बघायचं.

पावसाळ्यात वेळा बदलतात का?

हो. जून ते सप्टेंबर आम्ही रात्रीच्या घाटाच्या फेऱ्या कमी करतो. कुंभार्ली, आंबा, करूळ, कुठेही दरड येऊ शकते. परशुराम घाटात तर किती वेळा वाहतूक थांबली त्याचा हिशोब नाही. कशेडीला बोगदा झाल्यापासून जुना घाट बऱ्यापैकी टळतो, पण बोगद्याच्या तोंडाशी धुकं असतं. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच्याच आसपास ठेवा, एक्झॉस्ट ब्रेक वापरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेली गाडी ओल्या उतारावर तुमची राहत नाही.

घाट बंद पडला तर तिथेच थांबा आणि कळवा. आडवाटेनं ट्रेलर घालू नका. उशिराचं आम्ही बघून घेऊ.

घाट बंद असताना ई-वे बिलाची मुदत संपली तर?

मुदत अंतरावर असते: २०० किलोमीटरपर्यंत एक दिवस, पुढच्या प्रत्येक २०० ला किंवा त्याच्या भागाला आणखी एक. पहिला दिवस बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. मुदत संपण्याच्या ८ तास आधीपासून ८ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते, कारण देऊन. ते ऑफिस करतं, पण त्यांना कळलं पाहिजे की तुम्ही अडकला आहात. म्हणून रात्री दोन वाजता असला तरी फोन करा.

आंब्याच्या हंगामात ड्युटी कशी असते?

मार्च ते मे. हा सगळा धंदा रात्रीचा. दिवसा झाडावरून उतरवलेला हापूस संध्याकाळी पेट्यांत भरतात, गाडी देवगड-रत्नागिरीकडे बागेबागेतून पेट्या गोळा करत निघते, आणि व्यापाऱ्याला ती पहाटे वाशीच्या मार्केटला हवी असते. त्यामुळे चालक दुपारी तीनपासून कामावर असतो आणि चालवणं सुरू होतं रात्री आठला. थकवा आधीच अंगात असतो. बागायतदारांना माझी हात जोडून विनंती आहे: गोळा करायला वेगळी छोटी गाडी लावा, वाशीला जाणारा चालक संध्याकाळपर्यंत झोपू द्या. जिथे हे केलं तिथे गाडी वेळेवर पोचते आणि आंबाही कमी दबतो, कारण झोप झालेला माणूस खड्डा बघून चालवतो.

एकट्यानं ही फेरी सलग दोन रात्री करायची नाही. आमच्याकडे तशी लावत नाही.

मासळीच्या गाड्यांचं काय?

मिरकरवाड्यासारख्या बंदरावर लिलाव झाला की लगेच निघायचं, बर्फ वितळायची भीती असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा या चालकांनी साठलेल्या रजा घ्याव्यात आणि गाड्यांची कामं काढावीत. आणखी एक: बर्फाचं खारं पाणी रस्त्यावर सांडू देऊ नका, मागून दुचाकीवाला येत असतो.

गणपतीत गाड्या बंद असतात का?

चाकरमानी गावाला निघाले की मुंबई-गोवा महामार्गावर अवजड गाड्यांना बंदी घालतात. दरवर्षी शासनाची अधिसूचना निघते. तारखा, किती टनांवरच्या गाड्या आणि कुणाला सूट, हे त्या वर्षीच्या कागदात बघायचं, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जायचं नाही. आम्ही त्या दिवसांत कोकणातल्या चालकांना रजा देतो. शिमग्यालाही तसंच. पालखी घरी येणार असेल तर तसं आधी सांगा, बदली लावता येते.

रोरोनं गाडी पाठवली तर तो वेळ ड्युटीचा की विश्रांतीचा?

कोकण रेल्वेची ही सेवा १९९९ मध्ये कोलाड ते वेर्णा सुरू झाली, पुढे सुरतकलपर्यंत गेली. भरलेला ट्रक वाघिणीवर चढतो, चालक आपल्या गाडीतच असतो. चढवणं, बांधणं आणि उतरवणं ही ड्युटी. मधला प्रवास खरी विश्रांती, तेव्हा झोपा. मात्र कोकण रेल्वे आता पूर्ण विजेवर आहे, डोक्यावर २५,००० व्होल्टची तार असते. ताडपत्री सुटली, पाणी गळतंय, काहीही होवो, गाडी वाघिणीवर असताना टपावर किंवा मालावर चढायचं नाही. तारेला हात लागायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी वीज ओढते. ताडपत्री कोलाडला चढण्याआधीच नीट बांधा.

लोटे-महाडची रसायनं भरायला काही वेगळं लागतं का?

लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद लागते, त्यासाठी प्रशिक्षण घ्यावं लागतं. केबिनमध्ये त्या रसायनाचं ट्रेम कार्ड (गळती-आगीत काय करायचं ते सांगणारा कागद) हवं, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत हवं. इंग्रजी कागद नुसता खिशात ठेवून गळतीच्या वेळी कळणार काय? मराठीत मागून घ्या आणि निघण्याआधी वाचा. गाडीवरच्या धोक्याच्या पाट्या पुसट झाल्या असतील तर बदलून घ्या.

रात्री झोप अनावर झाली तर?

थांबा. पहाटे २ ते ५ शरीर झोप मागतंच, कितीही चहा घ्या. खिडकी उघडणं, मोठ्यानं गाणी, तंबाखू, यानं पाच-दहा मिनिटं निघतात. पंप किंवा ढाबा बघून गाडी लावा, वीस मिनिटांची तरी झोप काढा. त्यामुळे उशीर झाला म्हणून आमच्याकडे कुणाचे पैसे कापले जात नाहीत.

एसी केबिन मिळणार का?

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मध्यम आणि अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची आहे. जुन्या गाड्यांना नाही. उरणच्या रांगेत मे महिन्यात ज्यांनी दुपार काढली आहे त्यांना याचं मोल कळेल.

माझे मिस्टर ट्रेलरवर आहेत. फोन कधी करू? उचलला नाही तर जीव खालीवर होतो.

वहिनी, धक्क्याच्या आत आणि गाडी चालू असताना ते उचलणार नाहीत, आणि न उचललेलाच बरा. आमच्याकडे ठरलेलं आहे: गेटमधून बाहेर पडून गाडी लावली की चालक आधी ऑफिसला आणि मग घरी फोन करतो. तुम्ही ऑफिसचा नंबर जवळ ठेवा. गाडी कुठे आहे ते आम्हाला दिसत असतं, रात्री कुणीतरी फोनवर असतंच. आणि ते घरी आले की पहिल्या दिवशी झोपू द्या. बाजार, बँक, पाहुणे दुसऱ्या दिवशी.

वाटेत अपघात झाला तर आधी कुणाला फोन करायचा?

जखमी असेल तर १०८. पोलिसांसाठी ११२. राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३. त्यानंतर ऑफिस. त्रिकोणी फलक मागे लांब ठेवा, वळणावर असाल तर वळणाच्या अलीकडे.

वही भरली की काय करायची?

ऑफिसात आणून द्या, आम्ही पानांचे फोटो काढून वही तुम्हाला परत देतो आणि नवी देतो. जुनी घरी ठेवा, पत्र्याच्या पेटीत, ओल लागणार नाही अशी. जादा तासांचे पैसे, हाल्टिंग, अपघाताचा दावा, कशालाही ती दोन-तीन वर्षांनीसुद्धा लागू शकते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव, रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहा.